खड्डा घेण्याआधी

जुलै लागला की महाराष्ट्रात खड्ड्यांचा हंगाम सुरू होतो. रस्त्यातले खड्डे वेगळे, हे वृक्षारोपणाचे. 2016 ते 2019 या चार पावसाळ्यांत राज्य सरकारने वृक्षलागवडीची मोठी मोहीम राबवली. पहिल्या वर्षी 2 कोटी, मग 4 कोटी, मग 13 कोटी आणि शेवटच्या वर्षी 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. शाळेतली मुलं, सरपंच, बँकांचे कर्मचारी, सगळे टिकाव-फावडी घेऊन उतरले. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. प्रश्न जागेचा आहे. इतक्या रोपांना जागा लागते, आणि आपल्या डोळ्यांना मोकळी दिसणारी जागा म्हणजे माळ.

पुण्याच्या पूर्वेपासून सोलापूर, बीड, धाराशिवपर्यंतच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाला साधारण 500 ते 700 मिलिमीटर पाऊस पडतो. मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, मधूनच एखादा हिवर, खैर किंवा तरवडाचं झुडूप. एप्रिलमध्ये पाहिलं तर वाटावं, इथे काहीच नाही. सरकारी नोंदीतही पुष्कळदा तसंच लिहिलेलं असतं. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी उपग्रहचित्रांवरून देशातल्या अर्धशुष्क प्रदेशातल्या मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. त्यात गवताळ माळ आले, विरळ झाडीची सॅव्हाना आली, काटवनं आणि खडकाळ पठारंही आली. ही सगळी जमीन सुमारे 3 लाख चौरस किलोमीटर भरली, म्हणजे देशाच्या भूभागाचा साधारण दहावा हिस्सा. त्यातली दोन तृतीयांशांहून अधिक जमीन अधिकृत दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली निघाली. अभयारण्यं किंवा राष्ट्रीय उद्यानं यांचं संरक्षण मिळालेली जमीन 5 टक्क्यांहूनही कमी.

वन्यजीव आणि अधिवासांच्या पुनरुज्जीवनावर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचं शिक्षण, माझ्या मते, अशा माळावरच्या खड्ड्यापाशी सुरू व्हायला हवं. इथे काय लावायचं हा नंतरचा प्रश्न. त्याआधी इथे मुळात काय होतं, ते कशाने गेलं आणि आता ते परत येत नसेल तर अडलंय कुठे, हे विचारायला लागतं. ऐकायला सोपं आहे. उत्तर काढायला अख्खी पीएचडी जाते.

या वाटेला येणारे बहुतेक जण वाघ डोक्यात घेऊन येतात. ताडोब्याची एखादी सफारी झालेली असते, हातात कॅमेरा असतो, घरी 'यात पोट भरणार का?' हा प्रश्न विचारून झालेला असतो. वाघाचं आकर्षण असण्यात गैर काही नाही. पण वाघावर माणसं, पैसा आणि कॅमेरे भरपूर आहेत. सोलापूरच्या माळावर खोकडामागे फिरणारा माणूस मात्र विरळा, आणि असल्या विरळ्या कामातून काय हाती लागतं याचं एक चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात घडलेलं आहे.

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये घोषित झालं. कागदावर त्याचं क्षेत्र तब्बल 8,496 चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, बागायती शेतं आली. जमिनीचे व्यवहार अडकले, लोक वैतागले, आणि पुढे हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. खरं गवत त्याही आत शेतांच्या मधल्या तुकड्यांतच उरलेलं आहे. मोकळ्या रानात माळढोक तर आता देशभरात मिळून दीडशेसुद्धा नाहीत आणि जे आहेत ते बहुतेक जैसलमेरकडे. पण याच तुकड्यांवर काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक आणि चंडोल आहेत, आणि खोकडही आहे. कोल्ह्याहून लहान, बारीक अंगाचं, शेपटीचं टोक काळं असलेलं हे जनावर उंदीर, किडे आणि बोरं खाऊन राहतं.

वर ज्यांचं नाव आलं ते अबी तमीम वनक अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात पीएचडी करत होते तेव्हा त्यांनी अभ्यासाला निवडलं ते नान्नजचं खोकड. 'खोकड वाचवायचं कसं' हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही. तो इतका मोठा आहे की त्याची मोजपट्टीच सापडत नाही. त्याला चाळत चाळत मोजता येईल इतका बारीक करावा लागतो. वनकांच्या कामातला एक बारीक प्रश्न असा होता: माळावर मोकाट फिरणारी गावातली कुत्री आणि खोकड यांचं एकमेकांशी नातं काय?

आधी विष्ठेच्या नमुन्यांवरून दोघांचा आहार तपासला. कुत्र्यांचं बहुतेक खाणं माणसाच्या आसपासचं निघालं, खोकडाचं रानातलं. म्हणजे ताटात भांडण जवळजवळ नाही. इथे थांबलं असतं तर 'कुत्र्यांचा त्रास नाही' असा निष्कर्ष निघाला असता. पण प्रयोगात खोकडांसाठी खाणं मांडून जवळ कुत्रा ठेवला, तेव्हा खोकड खाण्याकडे कमी फिरकले आणि आले तरी सावधच राहिले. गळ्यात रेडिओ कॉलर घातलेल्या खोकडांच्या हालचालींनीही हीच गोष्ट पक्की केली: कुत्र्यांचा वावर असलेली जागा ते टाळत होते. अन्न आहे, गवत आहे, बिळाला जागा आहे, आणि तरीही भीतीमुळे तो तुकडा खोकडाच्या उपयोगाचा नाही. नुसत्या वनस्पती मोजून अधिवास मोजला असं म्हणता येत नाही, हे यातून कळतं. उद्या नान्नजच्या एखाद्या तुकड्यावर गवत उत्तम परत आणलं आणि शेजारच्या उकिरड्यावर कुत्र्यांची टोळी तशीच राहिली, तर पुनरुज्जीवन कुणासाठी झालं?

आता या क्षेत्रातल्या शिक्षणाच्या वाटेबद्दल, थोडक्यात. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था 1982 मध्ये स्थापन झाली आणि तिथला वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी अभ्यासक्रम देशभर नावाजलेला आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात 2004 पासून वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाची एमएस्सी आहे; प्रवेश दर दोन वर्षांनी आणि जागा मोजक्या. बंगळुरूलाच 'एट्री' ही संस्था पीएचडीसाठी आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) 1883 ची. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एमएस्सी करता येते, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेत वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम आहे. नेट-जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये, तिसऱ्या वर्षापासून 42,000. ती नसेल तर प्रकल्पातल्या तुटपुंज्या मानधनावर एक-दोन वर्षं काढावी लागतात, आणि इथे घरची परिस्थिती आडवी येते, हे लपवण्यात अर्थ नाही. ग्रामीण भागातून आलेली, माळ अंगवळणी असलेली मुलं याच टप्प्यावर गळतात. ज्यांना गवताची आणि जनावरांची भाषा येते तेच बाहेर पडतात.

परवानग्यांचा एक वेगळाच अभ्यासक्रम असतो. अभयारण्यात पाऊल टाकायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 28 खाली परवाना लागतो. प्राण्याला पकडून कॉलर घालायची तर ते कायद्याच्या व्याख्येत 'शिकार' या शब्दाखालीच येतं, कारण पकडणं हीसुद्धा तिथे शिकारच. शास्त्रीय कामासाठी कलम 12 प्रमाणे वेगळी मंजुरी घ्यावी लागते. अर्ज जून महिन्यात केला आणि कागद दिवाळीत हातात आला, तर पावसाळा गेला, म्हणजे गवताच्या अभ्यासकाचं वर्ष गेलं. मुरलेले मार्गदर्शक म्हणूनच पहिल्या सहामाहीतच अर्ज टाकायला लावतात.

खरा अभ्यास सुरू होतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत फुलोऱ्यावर आल्यावर. त्याआधी सगळं गवत हिरवं आणि सारखंच दिसतं. विद्यार्थ्याच्या हातात एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट असते, पीव्हीसी पाइपची किंवा नुसत्या दोरीची. ती आधी ठरवलेल्या जागी टाकायची. गवत चांगलं दिसतंय म्हणून तिथे टाकायची नाही, हा पहिला नियम आणि सगळ्यात जास्त मोडला जाणाराही. मग गुडघे टेकून बसायचं. मारवेल ओळखायचं ते कांड्यांच्या पेरांवर असलेल्या पांढऱ्या लवेच्या कड्यावरून. डोंगरी, शेडा, पवना, कुसळी, प्रत्येकाच्या कणसाची ठेवण वेगळी. गवतांच्या बुडाशी आणखी एक जग असतं: बोटभर उंचीच्या शेंगवर्गीय वनस्पती, पावसाळ्यापुरती उगवणारी कंदवर्गीय, आणि काहीच नाही असं वाटणारी मोकळी माती, जिची टक्केवारीही लिहावी लागते. एका चौकटीत वीस-पंचवीस जाती निघाल्या तर नवख्याला धक्का बसतो. अशा चौकटी शेकड्यांनी मोजायच्या असतात.

कुसळीचं एक बी हातात घेऊन पाहण्यासारखं असतं. खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस, वर लांब शेपटीसारखं कूस. वाळलेलं असताना हे कूस पिळलेलं असतं. पाण्याचा थेंब टाका, काही क्षणांत ते उलगडत फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ घेतं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर बी गिरमिटासारखं मातीत उतरतं, आणि मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. मेंढपाळ या कुसळांना शिव्या देतात, कारण ती लोकरीत आणि कातडीत तितक्याच तत्परतेने घुसतात. पण आग लागो, जनावरं चरोत, वरचं सगळं जळून-खाऊन जावो, मातीत उतरलेलं बी सुरक्षित राहतं. गवताची वाढ जिथून होते ते कोंबही जमिनीलगत असतात, म्हणून चरून गेल्यावर ते पुन्हा फुटतं. आग आणि चराई यांच्यासह जगण्याची ही तयारी एका-दोन शतकांत झालेली नाही. दक्षिण आशियात उन्हाळी गवतांचा मोठा विस्तार सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी सुरू झाला, असं शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीतल्या कार्बनच्या अभ्यासातून दिसतं. माणसाची कुऱ्हाड तेव्हा नव्हती.

तरीही वनखात्याच्या अभ्यासक्रमात दीर्घकाळ शिकवलं गेलं ते उलटं. चॅम्पियन आणि सेठ यांनी 1968 मध्ये सुधारून मांडलेलं भारतीय वनप्रकारांचं वर्गीकरण आजही वापरात आहे. त्यात अशा गवताळ प्रदेशांकडे तोड, चराई आणि आगीमुळे ऱ्हास पावलेली जंगलं म्हणून पाहिलं गेलं. एकदा हे मान्य केलं की पुढचं आपोआप येतं: चराई बंद करा, आग विझवा, झाडं लावा. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 मध्ये भारतातल्या गवतांच्या आवरणाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि द्वीपकल्पातल्या मोठ्या भागाला शेडा-मारवेल वर्गात टाकलं. पण वृक्षलागवडीच्या आराखड्यांवर छाप राहिली ती वनप्रकारांच्या वर्गीकरणाची.

मग एखादा विशिष्ट माळ मुळात माळच होता की जंगल तोडून झालेला, हे ठरवायचं कसं? सगळेच माळ प्राचीन आहेत असं म्हणणंही तितकंच आळशीपणाचं ठरेल. काही ठिकाणी खरोखर झाडी होती आणि ती गेली. पुरावा शोधावा लागतो, आणि तो कुठे सापडेल याचा नेम नसतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी तो जुन्या मराठी साहित्यात शोधला. तेराव्या शतकापासूनची चरित्रं, आख्यानं, ओव्या आणि लोककथा चाळून त्यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या संदर्भात आलेल्या रानवनस्पतींची नोंद केली. 44 जाती ओळखता आल्या. त्यातल्या 27 उघड्या, उन्हाच्या माळाच्या खुणा मानाव्यात अशा होत्या, 14 कुठेही वाढणाऱ्या, आणि दाट जंगलाच्या म्हणाव्यात अशा अवघ्या 3. इंग्रज यायच्या कितीतरी आधी, सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीही, इथे माळच होता असं त्यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडलं.

मला हे काम फार आवडतं, आणि त्याचं कारण केवळ मराठीचा अभिमान नाही. परिसंस्थाशास्त्राच्या विद्यार्थ्याला गणित यावं लागतं, संगणकावर 'आर' ही सांख्यिकीची भाषा चालवता यावी लागते. गणित नको म्हणून जीवशास्त्राकडे आलेल्यांना इथे गाठलं जातंच. पण आपल्या भागातला जुना मजकूर वाचता येणं, धनगराने सांगितलेल्या गवताच्या नावावरून जात ओळखता येणं, हीसुद्धा तितकीच कामाची साधनं आहेत. परदेशी विद्यापीठातून आलेल्याला ती विकत घेता येत नाहीत.

नेर्लेकरांनी जोसेफ वेल्डमन यांच्यासह 2020 मध्ये प्रसिद्ध केलेला दुसरा निबंध वृक्षारोपणाच्या खड्ड्याशी थेट संबंधित आहे. नांगरट, खाणकाम किंवा वृक्षलागवड यांमुळे नष्ट झालेले गवताळ प्रदेश परत आपल्या मूळ वैविध्याला यायला किती काळ लागतो, याचे जगभरातले अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. उत्तर होतं: किमान एक शतक, आणि बहुतेक ठिकाणी हजारो वर्षं. गवत लवकर येतं, हिरवळ दिसते, फोटो चांगला निघतो. पण कंद, खोल मुळं आणि सावकाश पसरणाऱ्या जाती परत येत नाहीत. माळाची संपत्ती जमिनीखाली असते. तिथे ओळीने खड्डे आणि सलग समतल चर खणले, वर गिरिपुष्पाची रोपं लावली, की दहा वर्षांत झाडं उभी राहतात आणि खाली सावलीत गवत मरतं. तिथला चंडोल आणि धाविक निघून जातात.

झाडं लावणं म्हणजे सर्वत्र चूक, असा याचा अर्थ कुणी काढू नये. अन्नमलाईच्या डोंगरांत, तमिळनाडूतल्या वालपारईच्या पठारावर, उलट उदाहरण पाहायला मिळतं. तिथे पावसाळी सदाहरित जंगल तोडून चहा-कॉफीचे मळे झाले आणि मळ्यांच्या मधे जंगलाचे तुकडे उरले. टी. आर. शंकर रामन आणि दिव्या मुडप्पा यांनी नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनतर्फे, मळ्यांच्या कंपन्यांना सोबत घेऊन, या तुकड्यांत स्थानिक झाडं लावायला दोन दशकांपूर्वी सुरुवात केली. रामन यांचा प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. डेहराडूनला एमएस्सी करताना त्यांनी मिझोराममध्ये झूम म्हणजे फिरत्या शेतीनंतर सोडून दिलेल्या जमिनींवर पक्षी कसे परततात याचा अभ्यास केला. एक वर्ष पडीत असलेली जमीन, पाच वर्षांची, दहा, पंचवीस, आणि शेवटी जुनं जंगल, अशी मालिका लावली. जंगल परत यायला लागणारा काळ विद्यार्थ्याच्या हातात नसतो, म्हणून वेगवेगळ्या वयाच्या जागा शेजारीशेजारी ठेवून तो काळ वाचायचा. पुनरुज्जीवनाच्या अभ्यासात ही युक्ती आजही सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात धोका एकच: या सगळ्या जागा वय सोडून बाकी सगळ्या बाबतींत सारख्या आहेत असं गृहीत धरलेलं असतं, आणि ते नेहमी खरं नसतं.

वालपारईत काम कसं चालतं ते बघा. आधी घाणेरी आणि इतर घुसखोर झुडपं काढायची, पण त्यांच्याखाली आपोआप उगवलेली देशी रोपं शोधून, खुणा करून, वाचवायची. रस्त्याकडेला पडलेल्या बिया गोळा करून रोपवाटिकेत वाढवायच्या, शंभराहून अधिक जातींच्या. मग पावसाच्या तोंडावर लागवड. आणि शेजारचे काही तुकडे मुद्दाम हात न लावता सोडायचे. हे शेवटचं पाऊल दिसायला नगण्य, पण त्याच्याशिवाय बाकीच्याला संशोधन म्हणता येणार नाही. लागवड केलेले, न केलेले आणि जवळचं शाबूत जंगल, अशा तिन्हींची तुलना करून 2019 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की लागवड केलेले तुकडे झाडांच्या वैविध्यात आणि साठवलेल्या कार्बनमध्ये मूळ जंगलाच्या दिशेने अधिक वेगाने सरकले आहेत. पक्ष्यांबाबतही पुढच्या अभ्यासात तेच आढळलं. जिथे जंगल होतं तिथे झाडं औषध ठरली. तीच झाडं सोलापूरच्या माळावर दुखणं होतात.

आपल्याकडे गवत परत आणण्याचे प्रयत्न झाले ते मुख्यतः व्याघ्र प्रकल्पांत. मेळघाटात आणि ताडोब्यात काही गावांचं पुनर्वसन झालं आणि जुन्या शेतजमिनी मोकळ्या राहिल्या. नांगर थांबला की गवत आपोआप येईल, असं वाटतं. येतो तो तरोटा. त्याच्या सोबतीला रानतुळस. तृणभक्षींना दोन्ही नकोत, आणि दोन्ही इतकं बी टाकतात की पुढची कैक वर्षं तेच उगवतात. अमरावती जिल्ह्यातले गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर आणि वनखात्याची माणसं यांनी यावर जे काम केलं त्यात यंत्र नाही, रसायन नाही. तरोट्याला शेंग धरण्याआधी तो हाताने उपटायचा, दरवर्षी, बियांचा साठा संपेपर्यंत. त्याच भागातल्या चांगल्या कुरणांतून मारवेल, पवना, शेडा यांचं बी हातानेच ओरबाडून आणायचं आणि पेरायचं. उपटणी पंधरा दिवस उशिरा झाली, तर वर्षभराची मेहनत वाया.

विद्यार्थ्यासाठी इथे सोन्यासारखे प्रश्न पडून आहेत. पेरलेल्या कुरणात आणि न पेरलेल्या जागेत चितळ-सांबरांच्या लेंड्यांची संख्या किती वेगळी आहे? जाती किती परतल्या, आणि कोणत्या परतल्याच नाहीत? गवतातले टोळ, त्यांवर जगणारे पक्षी यांचं काय? अमुक हेक्टरवर कुरण विकास केला, हे अहवालात लिहून होतं. तिथे परतलं काय, हे सांगणारे आकडे हवे असतील तर कुणीतरी चौकट घेऊन बसायला लागतं.

आणि घुसखोर काढला म्हणजे काम संपलं असंही नाही. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ प्रदेशात 1960-61 च्या सुमारास वाळवंट थोपवण्यासाठी म्हणून वेडी बाभूळ लावली गेली. ती पसरत सुटली, गवत गेलं, मालधारी पशुपालकांच्या म्हशींची चराई आक्रसली. आज ती काढून गवत परत आणण्याचे प्रयोग चालतात. पण मधल्या काळात याच बाभळीच्या कोळशावर पोट भरणारी कुटुंबं तयार झाली. झाड मुळासकट उपटता येतं; त्यावर उभा राहिलेला धंदा नाही. विद्यार्थ्याने गवत मोजता मोजता हेही टिपायचं असतं, आणि इथे प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राची पदवी अपुरी पडते.

आपल्या माळावर याच जागी धनगर उभा आहे. संवर्धनाच्या जुन्या चौकटीत तो अडथळा होता: मेंढ्या बाहेर काढा, कुंपण घाला. पण चराई पूर्ण थांबली की एक-दोन उंच गवतं सगळं व्यापतात, वाळलेल्या पेंढ्याचा थर साठतो आणि खालच्या लहान वनस्पती गुदमरतात. चराई अती झाली तर मारवेल संपून बिनकामाची तणं उरतात. मधलं प्रमाण कुठलं, ते पावसावर, मातीवर आणि मेंढ्या नेमक्या कोणत्या महिन्यात माळावर येतात यावर ठरतं. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारा आणि पावसाळ्यात परतणारा कळप माळाला काही महिने विसावा देतो. ही व्यवस्था कुणी आखून दिलेली नाही, पण तिचा परिणाम मोजण्याजोगा आहे.

अडचण सगळी वेळेची. एमएस्सीचा प्रबंध काही महिन्यांचा, पीएचडी पाच-सहा वर्षांची, प्रकल्पाचा निधी तीन वर्षांचा, आणि माळाला हवीत शंभर. यावर जगात सापडलेला उपाय म्हणजे कायमचे प्लॉट. इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेड इथल्या कुरणावर 1856 मध्ये सुरू झालेला प्रयोग आजही चालू आहे. पिढ्यानपिढ्या संशोधक बदलले, प्लॉट तेच राहिले. आपल्याकडे मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेचा 50 हेक्टरचा प्लॉट 1988 पासून मोजला जातो आहे. महाराष्ट्रातल्या माळाला हे का जमू नये? त्याला मोठा खर्च नाही. चार कोपऱ्यांना दगड, जीपीएसची नोंद, दरवर्षी त्याच पंधरवड्यात मोजणी, आणि नोंदी एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जपून ठेवणं. पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्याला त्यातून शोधनिबंध मिळणार नाही. विसाव्या तुकडीच्या विद्यार्थ्याला मिळेल. पदोन्नतीसाठी निबंध मोजणाऱ्या व्यवस्थेत हे सांगणं अवघड आहे, तरी सोलापूर, बारामती, बीड, अहिल्यानगर इथल्या महाविद्यालयांनी ते मनावर घ्यावं. माळ त्यांच्या दारात आहे.

आणि वाचकांना एक विनंती. येत्या जुलैत तुमच्या गावाजवळच्या माळावर वृक्षारोपण ठरलं, तर एक पावसाळा थांबायला सांगा. ऑक्टोबरात जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या दोन-चार विद्यार्थ्यांना तिथे न्या, सोबत एखाद्या मेंढपाळाला बोलवा, आणि काय काय उगवलंय त्याची यादी करून घ्या. यादीत मारवेल, शेडा, पवना, डोंगरी दिसली, तर झाडं गावठाणात, बांधावर, शाळेच्या आवारात लावा. माळावर खड्डे घेऊ नका.